गॅलरीतला हात

बरोबरच सांगितलं तिनं, ताई. कायदा नव्हता, खेळच होता. आता तुम्ही एवढ्या लांबून बिश्केकहून खिंडीतले धक्के खात आलात, वर्गात उभं राहून विचारलंत की तो गाजलेला कायदा मांडला कुणी — तर सगळी पोरं तोल्कुनकडं बघायला लागली, आणि ती उठली, म्हणाली "तो कायदा नव्हता, खेळ होता," आणि खाली बसली — तुम्हाला वाटलं असेल, काय उद्धट पोरगी. उद्धट नाही हो ती. ते वाक्य तिचं नाहीच मुळी. बसा. चहा घ्या, दूध घातलंय, मीठ नाही घातलं, शहरातल्यांना चालत नाही म्हणून. आणि तुम्ही आणलेलं ते खोकं उघडू नका. माहितेय मला त्यात काय असतं — पितळी घंटी, छातीला लावायचे बिल्ले, आणि 'संसद कशी चालते' म्हणून एक पुस्तिका, गुळगुळीत कागदाची. आमच्याकडे तसलं काही नव्हतं तेव्हा. घंटी म्हणून मी चहाच्या पेल्यावर चमचा वाजवायचो. आणि चाललं होतं — छान चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

मागल्या वर्षीचा फेब्रुवारी. बाहेर खिडकीएवढं बर्फ, गावात कुणाला काम नाही. मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवत होतो आणि म्हटलं, हे नुसतं पाठ करून घेण्यापेक्षा करूनच बघू. तेवीस पोरं. बाकित चिटणीस, तो सगळं वहीत लिहिणार, त्याला मत नाही. उरले बावीस, ते खासदार. मी सभापती — म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. हेडबाई राष्ट्राध्यक्ष, कारण सही करून शिक्का मारायला शिक्का त्यांच्याच कपाटात. प्रत्येकानं एक कायदा आणायचा, त्यातला एक निवडायचा, मग तीन वाचनं, मग मतदान. कायदे कसले, काय सांगू — एकाचा कायदा की सोमवारी शाळा नको. एकीचा, की भावांनी पण भांडी घासावीत. हसायलाच आलं. मग तोल्कुन उठली. चौदा वर्षांची, बारीक चणीची, नदीपलीकडून यायची घोडीवर बसून. म्हणाली, घरात माणूस गेलं तर त्या घरचं जनावर कापायचं नाही. आलेल्या माणसांना चहा आणि भाकरी. बस. दोन ओळींचा कायदा. आणि आगाय — मास्तरांना पोरं आगाय म्हणतात, तुम्हाला सांगायला नको — आगाय, म्हणाली, ज्या घरातलं माणूस गेलं त्याच घरातलं घोडं पण त्याच दिवशी का जायचं?



तो कायदा निवडला मुलांनी, पण — आता तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला सांगायला हरकत नाही — मी निवडून दिला. थोडं इकडे ढकललं, थोडं तिकडे. का? माझं एक दुखणं होतं त्यात. माझे वडील वारले, त्याला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती. मी घोडं कापलं नव्हतं. नव्हतंच माझ्याकडे. एक मेंढी कापली, ती पण रोडकी, हिवाळा संपतासंपता मेंढीच्या अंगावर काय असतं? माणसं आली, खाल्लं, हात पुसले, दुवा मागितली, गेली. आणि गावाचं तोंड कोण धरणार? "मास्तरानं बापाला मेंढीवर पुरला." अकरा वर्षं, ताई. लग्नात बसलो तरी कुणीतरी मागून पुटपुटतं. पानात मांस वाढतात ना, आमच्याकडे हाडाहाडाला मान असतो, वयाप्रमाणं, पत बघून — तर माझ्या वयाच्या माणसांना खुब्याचं हाड जातं, मानाचं, जांबाश — आणि माझ्यापुढं फासळी. अकरा वर्षं फासळी. मी हसून खायचो. तर तोल्कुननं तो कायदा मांडला आणि मला वाटलं, हं. आता लिहिलं जाऊ दे. शिक्क्यासह.

पहिलं वाचन, दुसरं वाचन — काय भांडली पोरं. एक विरोधी पक्षनेता, खाटकाचा नातू, टेबलावर मूठ आपटून म्हणतो, मग लांबून आलेल्यांनी काय वारा खायचा? दुसरी म्हणते, तुझा आजा मेला तेव्हा तू रश्श्याचे तीन वाडगे प्यायलास, मी मोजलेत. मी चमचा वाजवतोय, शांतता, शांतता, सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं. हेडबाईंनी एकदा परत पाठवला, म्हणाल्या मोठ्या माणसांच्या कानावर घाला आधी. म्हणून तिसऱ्या वाचनाला गावाला बोलावलं. मागचं बाक म्हणजे गॅलरी. कोण येणार हो? म्हातारे म्हणाले पोरांच्या खेळात आमचं काय काम. एकटा मुकाश आला. तोल्कुनचा बाप. तिच्याच तोरू घोडीवर बसून आला, तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. ती घोडी त्या पोरीनं वाढवलेली, घोडीची आई हिला जन्म देतानाच मेली, गाईच्या दुधाच्या बाटलीवर वाढवली, चुलीमागं झोपवून. मुकाश मागं बसला, टोपी गुडघ्यावर, गुडघे छातीला लागलेले, कारण बाक लहान मुलांचं. आम्ही दोघं एका वर्गातले. ह्याच शाळेतले. ह्याच बाकावरचे, म्हणा ना.

मतदान झालं. बाजूनं अकरा, विरोधात अकरा. सगळी माझ्याकडे बघतायत. सभापतीला असं झालं की मत असतं, मीच शिकवलं होतं. मी हात वर केला. बाजूनं. आणि तेवढ्यात मागून — मुकाशनं पण हात वर केला. मोठा, जाडजूड हात, गवत कापून भेगा पडलेला. म्हणाला, "माझा पण लिहा रे. आणि हे पण लिहा, माझ्या वेळी पोरीच्या घोडीला हात लावायचा नाही. तोरूला नाही आणि तिच्या पोरांनाही नाही. ए बाकित, लिही." पोरं हसली. तो हसत नव्हता. आणि मी काय केलं असेल? मी चमचा वाजवला. म्हटलं, "गॅलरीतल्यांना मत नसतं. हात खाली." नियम, ताई. नियम म्हणजे नियम, नाहीतर शिकवायचं कशाला. मुकाश म्हणाला "चुकलो, सभापतीसाहेब," आणि हात खाली घेतला, आणि टोपीवर ठेवला. बाकितनं तोवर लिहून पण काढलं होतं. मी म्हटलं खोड ते. इतिवृत्तात बसत नाही. त्यानं पट्टी घेऊन सरळ रेघ मारली. नीटनेटका पोरगा.

हेडबाईंनी सही केली, गोल शिक्का मारला, कागद फलकावर लावला. दहा दिवसांनी लागू, असं खाली मी माझ्या हातानं लिहिलं. तोल्कुन रोज येऊन दिवस मोजायची. अकराव्या दिवशी विचारते, आगाय, आता लागू झाला ना? म्हटलं, झाला. काय म्हणायला हवं होतं मी? तुम्ही सांगा. तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय का, मूल असं विचारायला आलं तर काय सांगायचं?

मुकाश ऑक्टोबरात गेला. गवताची गंजी रचत होता, वर उभा होता, छातीत कळ आली आणि तिथंच बसला. बोलायला वेळच मिळाला नाही. तोरूच्या पोटचं शिंगरू तेव्हा पाच महिन्यांचं. मुकाशची बाकीची दोन घोडी आदल्या हिवाळ्यात बर्फात गेलेली, म्हणजे घरात कापण्याजोगं जनावर तोरू एकटीच. लोकर दाबून केलेल्या नमद्याचा तंबू उभारला अंगणात, आत बाया, बाहेर आम्ही पुरुष, काठ्यांवर ओणवे होऊन. ओमुर आबांनी, भावकीत तेच मोठे, बसायला सांगितलं आणि विचारलं — सगळ्यांना विचारलं — मुकाश कुणापाशी काही बोलून गेलाय का? बघा ताई, मेलेल्याचा शब्द आमच्यात मोडत नाहीत. तो म्हणाला असता मला झाडाखाली पुरा, तर झाड शोधत गेले असते. नुसतं एक वाक्य हवं होतं. कुणातरी मोठ्या माणसाच्या तोंडून.

मी बसलो होतो तिसरा. तोंडाला कुलूप.

नाही, मी विचार केला. केला. म्हटलं, ती काय इच्छा होती का? वर्गातली गंमत. आणि मी उठून म्हणायचं, घोडी कापू नका — मी? ज्यानं बापाला मेंढीवर पुरला त्यानं? लगेच म्हणाले असते, मास्तराला आता गावालाही आपल्यासारखं चिंधी करायचंय. मी उजव्या बाजूला बघितलं, डाव्या बाजूला बघितलं. आबा म्हणाले, मग तोरू आणा.

आणि आतून आवाज आला. तुमच्याकडे शहरात आता बायका भाड्यानं आणतात म्हणे, मेलेल्याचं कोशोक गायला. इथं घरचीच गाते. बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याला हाका मारत, हेल काढून, मनातलं सगळं गातात, आणि ते गाणं मध्येच तोडायचं नाही, म्हातारा असो की मुल्ला. तोल्कुननं कधी गायलं नव्हतं. आवाज फुटत होता तिचा. आणि काय गात होती? कायदा गात होती, ताई. पहिलं वाचन झालं बाबा. दुसरं वाचन झालं बाबा. अकरा इकडं, अकरा तिकडं, बाबा. तुम्ही हात वर केलात, तोरूला वाचवा म्हणालात, तिच्या शिंगरालाही म्हणालात, आगायनी हात खाली करायला लावला बाबा. ते ऐकलंय आगायनी. आगाय बाहेर बसलेत. आगायना विचारा.

ओमुर आबांनी मान वळवली. म्हणाले, "मास्तर, पोरगी तुझं नाव घेतेय. काय म्हणतेय ती? मुकाश तुझ्यासमोर काही बोलला होता का?"

मी म्हटलं, "शाळेतला खेळ होता, आबा."

हो. तेच वाक्य. तुम्ही सकाळी ऐकलंत ते माझं आहे. तंबू नमद्याचा असतो, त्यातून सगळं ऐकू जातं. गाणं थांबलं. कोशोक असं मध्येच कधी थांबत नाही, म्हणून बाया तिला चिमटे काढायला लागल्या, गा गं, गा, पण ती गप्पच. तोरूला दावणीवरून सोडून आणली तेव्हा शिंगरू मागं मागं आलं. त्याला दोघांनी धरून ठेवलं.

संध्याकाळी मांस वाढलं. माझ्यापुढं जांबाश आलं. ओमुर आबांनी स्वतः ठेवलं, खांद्यावर हात ठेवून. अकरा वर्षांनी. तुम्हाला वाटेल घास उतरला नाही माझ्या घशाखाली. उतरला. सगळा उतरला. तरणी घोडी, मांस मऊ होतं, मी हाड चोखून साफ केलं, कारण मानाचं हाड साफ करायचं असतं. घरी गेलो तेव्हा बायकोनं विचारलं काय मिळालं, तर मी सांगितलं. सांगताना मला आनंद झाला होता, ताई. लाज वाटते मला हे सांगायला, पण झाला होता.

दुसऱ्या आठवड्यात तोल्कुन शाळेत आली. नदीपलीकडून चालत. अजून चालतच येते. फलकावरचा तो कागद तिनं काढला, मला वाटलं फाडणार — नाही, चौकोनी घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवली आणि जाऊन बसली. तेव्हापासून हात वर करत नाही. उत्तर येतं तिला, मला कळतं येतं ते, पण हात नाही. हजेरीला "आहे" म्हणते. परवा तहान लागली असेल तरी पाणी प्यायला जाऊ का म्हणून हात केला नाही, घंटा होईपर्यंत बसून राहिली. माझ्या तासाला. बाकीच्यांच्या तासाला करते म्हणे.

म्हणून म्हणतो, तिला त्या नारीनच्या शाळा-संसदेच्या स्पर्धेला न्यायचा नाद सोडा. दुसरी कुणी न्या. खाटकाचा नातू आहे, चांगला बोलतो.

ती वही? ती तशीच आहे तिथं कपाटात. बाकितचं अक्षर. बघा हवं तर. पट्टीनं मारलेली रेघ आहे, पण बारीक आहे, खालचं सगळं दिसतं. 'तोरूला नाही आणि तिच्या पोरांनाही नाही.' हो, वाचता येतं. लहान पोरानं रेघ मारली म्हणून काय झालं.

हे काय विचारताय? शिंगरू? शिंगरू आहे. सव्वा वर्षाचं झालंय, आईसारखंच, कपाळावर ठिपका. येत्या ऑक्टोबरात मुकाशचं वर्ष. वर्षाचं जेवण मोठं असतं, चार गावं येतात, त्याला जनावर लागणार. शुक्रवारी नमाजानंतर ओमुर आबांकडे बैठक आहे, काय कापायचं ते ठरवायला. आमंत्रण आहे मला. आता असतं मला आमंत्रण. वरच्या बाजूला बसवतात, आबांच्या शेजारी.

अहो, असं कसं, वही घेऊन जायची आणि वाचून दाखवायची? इतकं सोपं असतं का. लोक विचारतील ना, वर्षभर कुठं होतास? तेव्हा का नाही बोललास, तेव्हा घोडी कापायला लावलीस आणि आता शिंगराचा पुळका? आबांना तोंडघशी पाडायचं चार माणसांत? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवलाय. आणि मी कोण तिथं? माझं वय छप्पन, तिथं सत्तरीच्या आतला कुणी आधी तोंड उघडत नाही. मी नुसता ऐकायला. मला तिथं काही मत बित नसतं —

असं बघू नका माझ्याकडे.

ठेवा ती वही. नाही, कपाटात नको, टेबलावरच राहू दे. नारीनची गाडी दोनला सुटते, ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही. खोकं न्या तुमचं. घंटी पण न्या. आणि जाताना फाटकापाशी ती भेटली तर, आगाय शुक्रवारी वही घेऊन जाणार आहेत, एवढं — नको. काही सांगू नका तिला. निघा तुम्ही. दार ओढून घ्या, वारा येतो.