बोटीचा बावटा

मालूच्या धाकट्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. चिंचणीच्या थांब्यावर मालू मासळीची टोपली घेऊन डहाणूच्या बसची वाट बघत होती. खांबापलीकडे शेजारचा जिग्नेश आणि त्याची बायको हेमाली दबक्या आवाजात भांडत होती.

"बोट विकायची आणि बाबांना सांगायचंही नाही?"

"क्रेडिट कार्डाचं व्याज वाढतच चाललंय. इतके महिने मी किमान रक्कम भरत बसलो. वाटलं, बोटीच्या कर्जासारखा तोच हप्ता."

"हेच बाबांना सांग ना."

"कोणत्या तोंडाने? कागदावर बोट माझीच आहे."

"पण नाखवा ते आहेत. नाखव्याने बावटा उतरवल्याशिवाय आपल्यात कोणी बोट देतं का?"

"घेणारा डहाणूला थांबलाय. उद्या वसुलीवाले दारात येतील, तेव्हा बावटाच दाखव त्यांना!"

मालूला राहवलं नाही.

"अरे पोरा, बावटा उतरला. सकाळी तुझा बाप नारू तो घडी करून घेऊन गेला, माझ्या दारावरून."

"मावशी! बाबांना कोणी सांगितलं?"

"वसुलीवाल्याचा फोन त्यालाच आला होता, मागच्या आठवड्यात. बोट विकावी लागणार, हे त्याने तेव्हाच ओळखलं. म्हणाला, पोरगा स्वतः सांगेल, म्हणून थांबलो."

बस आली, पण जिग्नेश चढला नाही. तो हेमालीकडे वळला.

"चल, आधी घरी."

"आणि घेणारा?"

"थांबेल तो."

त्या महिन्यात बोट गेली, कार्डही फिटलं. नारू त्याच वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी वारला.