पाच इंची जोडी

गुलाबचंद : मॅडम, ऐका माझं. लग्नाची गाणी आहेत ना? मग हा पंधरा इंची स्पीकरच घ्या. अख्खं आमगाव नाचेल.

ओमेश्वरी : नाचवायचं नाही, सेठजी. ऐकायचं आहे. मी घरी रेकॉर्डिंग करून राहिली. माझी ही जमुनाकाकी जे गाते, ते जसंच्या तसं ऐकवणारे स्पीकर पाहिजे. स्टुडिओ मॉनिटर. सकाळी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला.

गुलाबचंद : हां, हां. मला वाटलं कोणी स्टुडिओवाला भैया येईल. मशीन तुम्ही चालवता?

ओमेश्वरी : मीच. काऊन?

गुलाबचंद : कुछ नहीं, ऐसेही. मग आठ इंची बघा. भारी माल.

ओमेश्वरी : खोली दहा बाय दहाची. आठ इंची ठेवली तर ढोलकीचा धम्म कोपऱ्यात घुमत राहील, काकीचा आवाज त्यात बुडून जाईल. अन् ती परवडतही नाही. पाच इंची दाखवा.

गुलाबचंद : एक जोडी पडून आहे. कोणी विचारत नाही. आधीच सांगतो, मजा नाही येणार. त्याच दामात हे होम थिएटर घ्या. पाच स्पीकर, वरून रिमोट.

जमुना : मजा कोनाले पाहिजे, बाप्पा?

ओमेश्वरी : दोन्हीवर लावून दाखवा. हा लॅपटॉप, हे परवाचं रेकॉर्डिंग. आधी तुमचं होम थिएटर.

(जमुनाचं गाणं दुकानात वाजू लागतं.)

गुलाबचंद : देखा? काय गोड! माताजी, रेडिओवर गाता का?

जमुना : गानं माजं हाय. पन आवाज पाकात बुडवला यानं.

ओमेश्वरी : आता वायर इकडे जोडा. पाच इंचीले.

गुलाबचंद : लो. सुना? नुसती घरघर. माताजींचा गळापण फाटला. म्हटलं नव्हतं?

ओमेश्वरी : ती घरघर आमच्या पंख्याची. रेकॉर्डिंगमधेच आहे. होम थिएटरनं झाकली, यानं उघडी केली. अन् तो डब्यातल्यासारखा आवाज आमच्या छताच्या पत्र्याचा. भिंतीले गोधड्या लावीन. आता मले समजलं, काय सुधरायचं ते.

गुलाबचंद : आणि गळा? तो कसा सुधरवणार? बुरा मत मानना, माताजी. स्टुडिओवाले जवान मुलीचा आवाज घालून देतात. कोणाला कळत नाही.

जमुना : मले कळलं ना! मागच्या साली मी एका स्टुडिओत गेली. दिवसभर गाली. मायनं शिकवलेली हळदीची गानी, आमच्या पोवारी बोलीतली. मंग देवरीले ननंदेच्या घरी लगन होतं. मांडवात सीडी लागली. मी बायायले म्हनली, चूप बसा वो, माजं गानं हाय. अन् निंगाला कोन्या पोरीचा आवाज! अर्धे शब्द हिंदी करून टाकलेले. साऱ्या बाया माज्या तोंडाकडं पाहून राहिल्या.

गुलाबचंद : मग तुम्ही काही बोलल्या नाहीत त्या स्टुडिओवाल्याला?

जमुना : गेली ना मी त्याच्याकडं. तो म्हने, बाई, तुमचा आवाज फाटते. मी म्हनली, चाळीस साल मांडवात बिना माईकची गाली, फाटंल नाही त का करंल?

ओमेश्वरी : काकी घरी येऊन दोन दिवस जेवली नाही, सेठजी. तिसऱ्या दिवशी मी माईक आणला.

गुलाबचंद : ते ठीक आहे, बेटा. पण धंद्याची गोष्ट सांगतो. पब्लिकला गोड पाहिजे. हे कोण घेईल?

ओमेश्वरी : नाही घेतलं तर नाही घेतलं. गोड करणारे गावोगाव बसले आहेत. काकीची गाणी काकीच्याच आवाजात राहिली पाहिजे.

जमुना : थांब वो. तिसऱ्या ओळीत मी चुकली.

ओमेश्वरी : कुठं?

जमुना : मामाचं नाव आधी घ्या लागते. मी बापाचं घेतलं. त्या मोठ्या डब्यात समजलंच नाही, हा बारका बरोबर सांगते. पुन्हा लाव.

गुलाबचंद : माताजी, बाहेर गिऱ्हाईक थांबलं आहे.

जमुना : थांबू दे. तेही आयकतीन.

ओमेश्वरी : लावलं, काकी. आयक.

गुलाबचंद : ...हां. बापाचं नाव आधी आलं. मलाही साफ ऐकू आलं.

ओमेश्वरी : हीच जोडी द्या.

गुलाबचंद : देतो, देतो. भिंतीला चिकटवू नका, हातभर पुढे ठेवा. बसल्यावर कानाच्या उंचीवर आले पाहिजेत. थर्माकोलसकट बांधून देतो, बसमध्ये धक्के लागतात.

ओमेश्वरी : काकी, घरी गेल्यावर पंखा बंद करून पुन्हा गा लागंल. लय गरमी होईल.

जमुना : होऊ दे.

ओमेश्वरी : अन् आवाज असाच येईल. फाटका.

जमुना : येऊ दे. माजाच हाय.