राखेचा डाग

श्रोते सज्जनहो, साधनाची निगा राखणे हा धर्मच आहे. परंतु निगा राखता राखता साध्यच विसरले, तर त्या निगेला भक्ती म्हणावे की मोह? या प्रश्नाचे उत्तर आज वाईचे भास्करराव टिळेकर देतील!

हे पेन्शनीत निघालेले गणिताचे मास्तर. त्यांनी एक जुना ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे काय? चाकांवरचे घर! जीपमागे जोडावे, हवे तिथे बिऱ्हाड थाटावे. बाहेरून सगळा अॅल्युमिनियमचा पत्रा. घेतला कशासाठी? पत्नी इंदूताईंची थोरली बहीण, आक्का, गुहागरला. तिच्या दोन खोल्यांत घरचीच माणसे मावेनात, आणि तिची दृष्टी दिवसेंदिवस मंदावत चाललेली. "आक्काला मी दिसतेय तोवर चार दिवस तिच्यापाशी राहू या हो," एवढेच इंदूताईंचे मागणे.

"राहू की! जरा पत्रा उजळू दे."

मंडळी, पत्रा उजळू लागला! पॉलिश लावायचे, मऊ फडक्याने गोल गोल घासायचे. गंमत पाहा — पत्रा उजळतो, फडके काळे होते, आणि मास्तरांचे नाकही! एक बाजू आरशासारखी होईतो दुसरी मंदावलेली. हिवाळ्यात म्हणाले, "दव पडतंय." उन्हाळ्यात, "धूळ फार." शेवटी म्हणतात कसे — "इंदू, गुहागरचा खारा वारा चकाकी खातो गं!"

अहो, समुद्राकाठी जायला घेतलेले घर, आणि वैर समुद्राशीच!

तशात भाच्याचा फोन आला. "मावशी, आई आता माणसं आवाजावरूनच ओळखते. उन्हात अगदी जवळ आलं, तरच चेहरा दिसतो. ये गं लवकर."

इंदूताईंनी पदर खोचला. मास्तर बाजारात गेलेले. राहिलेली कड आपणच उजळली, की सबब संपली! देवाची पितळी भांडी जन्मभर जिने घासली, तीच घेतली — ओली राख! दारापाशी थापली, घटकाभर मुरू दिली. पितळ उजळते हो राखेने, अॅल्युमिनियम काळवंडले!

मास्तर परतले. पिशवी टाकून दाराकडे धावले. "अगं, काय केलंस हे! इथं माझं तोंड दिसायला लागलं होतं!"

"तुमचं तोंड मी रोजच बघते," इंदूताई म्हणाल्या. "मला आक्काचं बघायचंय."

मास्तर डागाकडे पाहत राहिले. त्यात तोंड काही दिसेना. मग त्यांनी जीप ट्रेलरपाशी लावली. "कळशी भरून घे. आणि आक्काला कंदी पेढे आवडतात ना?"

गुहागरला आक्काने बहिणीचे तोंड दोन्ही हातांत धरले, उन्हाकडे वळवले. "इंदे, म्हातारी झालीस की गं!"

दिसली! मंडळी, दिसली!

मग ट्रेलरकडे वळून आक्काने डोळे मिटून घेतले. "भास्करराव, केवढा हा लखलखाट! डोळ्यांत सुया टोचतात." चाचपत दारापाशी आली, डागावर हात टेकून डोळे उघडले. "इथं मात्र बरं वाटतंय. इंदे, राख लावलीस ना? आईनं शिकवलेली!" चारही दिवस म्हातारीची खुर्ची त्या डागासमोर.

मास्तर अजून पॉलिश करतात. पण प्रवासाहून परतल्यावर! आणि तो डाग सोडून.

हसलात? पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्या कपाटात किती वर्षे आहेत, माउली? सोफ्यावरचे प्लास्टिक काढलेत का, काका?

असो. टिळेकरांच्या हाती फडके राहो, चाकांना वाट मिळो. आणि आक्काच्या डोळ्यांत तेवढा उजेड टिको, जेवढ्यात बहीण ओळखू येते.