जावयाचं चिंगम

हसणार नसाल तर सांगतो. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. लग्नानंतर पहिल्यांदाच डाळजला सासुरवाडीला गेलो होतो, ऐटीत चिंगम चघळत. सासऱ्यांचा कुत्रा काळ्या शेपूट हलवत आला, म्हणून एक त्यालाही टाकलं. ते त्याच्या टाळूला चिकटलं. तो गरागरा फिरायला लागला, तोंडातून फेस गळायला लागला.

शेजारी ओरडला, "कुत्रं पिसाळलंय! काठ्या आणा!"

मी आपला चघळतच राहिलो. सासऱ्यांनी मात्र काळ्याला मांडीत दाबलं, जबडा फाकवला आणि बोटानं तो गोळा ओढून काढला.

सगळ्यांनी माझ्या हलणाऱ्या तोंडाकडं बघितलं. मी चिंगम गिळलं.

सासरे काळ्याला कुरवाळत म्हणाले, "सोस बाबा. जावई हायत. आपल्याला बोलता येतंय व्हय?"