भातगिरणी आणि सखूकाकीचे दात

पालीच्या भातगिरणीपुढच्या रांगेत मैना शेवटची होती. लेकीचं लग्न उद्यावर आलेलं, पंगतीचं भात अजून टोपलीत सालासकट, आणि गिरणी सकाळपासून किंचाळून आत्ता बंद पडलेली. ती कान देऊन उभी राहिली. पुढे गिरणीवाला धोंडू, मुंबईच्या कापडगिरणीतून रजेवर आलेला बाबल्या आणि त्याची सखूकाकी बोलत होती.

"बेअरिंगात अजून तेल घालू?"

"नको रे धोंडू. तेलाला कोंडा चिकटतो आणि एवढ्या वेगात ते तापतं. कोरडी भुकटी हवी."

"मग चुलीतली राख?"

"राखेने मी भांडी घासते, धोंड्या. लोखंड झिजवशील."

"काकी बरोबर बोलते. मी मुंबईहून काळी भुकटी आणली होती, पण डबी सकाळपासून सापडत नाही."

"काळी? पत्र्याच्या डबीत? पडवीत होती ती?"

"हो."

"ती मशेरी तर माझ्या कनवटीला आहे. दोनदा लावली. पण तुला दुकानदाराने फसवलं हो. दातांवर बोट ठरतच नाही, नुसतं घसरतं."

"काकी, ती मशेरी नाही, ग्रॅफाइट आहे."

"घसरतं ना पण?" धोंडूने विचारलं. "मग आणा इकडे."

भुकटी पडली, पट्टा चढला. गिरणी फिरू लागली, आणि किंचाळली नाही. मैनाने टोपली उचलली.

"काकी, उद्या लग्नाला या. पहिल्या पंगतीत बसा."

"येते गो. पण दात असे झालेत, तुझा भात चावायच्या आधीच पोटात जाईल."