ओट्याची उंची

एजंट : काका, हात जोडतो तुमच्यापुढे. घर बघायला आलेल्या बाईंना उंची विचारायची नसते हो!

बाबा : वजन थोडंच विचारलं?

मुलगी : बाबा!

एजंट : हॉल आवडला होता. उजेड आवडला होता. किमतीवर घासाघीससुद्धा केली नाही. आणि स्वयंपाकघरात आल्यावर तुम्ही म्हणालात, ‘बाई, जरा ओट्याला टेकून उभ्या राहा बघू.’

बाबा : त्याशिवाय कसं कळणार?

एजंट : नवरा लिफ्टसाठीही थांबला नाही. पाच मजले पायी उतरला.

मुलगी : हे कितवं गिऱ्हाईक?

एजंट : चौथं, ताई. पहिल्या बाईंना तर काकांनी टेप लावली.

बाबा : टेप ओट्याला लावली. उगीच पदरचं सांगू नका.

मुलगी : बाबा, माझी रजा रविवारी संपतेय. घर विकतो, तुझ्याकडे येतो, एकट्याला घर खायला उठतं, हे तुम्हीच म्हणालात ना?

बाबा : म्हणालो. विकायचंच आहे.

मुलगी : मग अडलंय कुठे?

बाबा : घेणारी बाई बुटकी हवी.

एजंट : ऐका! जाहिरातीत टाकू का? ‘दोन खोल्या, हॉल, गॅलरी. उंच माणसांनी तसदी घेऊ नये.’

बाबा : टाका की. माझी काही हरकत नाही.

एजंट : ताई, आता तुम्हीच बोला. माझं डोकं बंद पडलंय.

बाबा : अहो, या बिल्डिंगमधले सगळे ओटे आमच्यापेक्षा सहा इंच उंच आहेत. आमची ही चार फूट आठ. पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. एकदा पाट सरकला, पडली, मनगट मोडलं. प्लास्टर निघायच्या आत मी गवंडी आणून ओटा खाली घेतला. आता उंच बाई आली तर पहिल्याच आठवड्यात तो फोडणार.

एजंट : फोडेल नाही तर काय! घर तिचं होणार ना?

बाबा : म्हणून तर आधी विचारतो.

मुलगी : बाबा, त्या ओट्यावर भांडी घासून माझी कंबर धरायची. आईकडे कुरकुर केली की म्हणायची, तुला उंच ओट्याचं स्थळ बघू.

बाबा : मला हे आत्ता कळलं. ती गेल्यापासून मीच करतोय ना. भाजी चिरून होईस्तोवर पाठ भरून येते. इतकी वर्षं मी तिथे कधी उभाच राहिलो नाही.

मुलगी : मग वर करून घ्यायचा.

बाबा : गवंडी बोलावला होता. दोनदा. दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवला.

(एजंटचा फोन वाजतो. तो गॅलरीत जाऊन बोलून येतो.)

एजंट : मघाचेच लोक. घर हवंय म्हणतात. नवऱ्याचा राग खाली पोचेपर्यंत उतरला. पण काका, नंतर मला बोल लावू नका, आत्ताच सांगतो. स्वयंपाकघर सगळं तोडणार आहेत. बाई पाच फूट सहा.

बाबा : तुम्ही विचारलीत?

एजंट : छे! त्यांनीच सांगितली. काकांना तेवढं कळवा म्हणाल्या.

बाबा : बरी दिसते बाई.

मुलगी : बाबा, काय सांगायचं त्यांना?

एजंट : हो की नाही, तेवढंच सांगा. उद्या दुसरं घर बघायला जाणार आहेत ते.

बाबा : हो म्हणा. फक्त मी किल्ली देऊन गेलो की मग हातोडा लावा म्हणावं.

एजंट : सांगतो, काका. येतो मी. ताई, येतो.

मुलगी : तुम्ही बसा, बाबा. आज स्वयंपाक मी करते.

बाबा : नको, तुझी कंबर दुखेल. मला आता वाकायची सवय झालीय.