ठकीचा चेहरा

आई: अख्खा हॉल बघत होता रे! पडद्यावर शर्यतीत ठकी पडली, उठली, आणि उठल्यावर तिला चेहराच नाही. मानेवर नुसता धुरकट गोळा! शेवटची रेघ ओलांडेपर्यंत तस्साच.

बाबा: त्या एकाच क्लिपमध्ये ना? बाकीच्या...

आई: बाकीच्या क्लिपमध्ये बाकीच्यांची पोरं होती. त्यांचे शेंबूडसुद्धा स्वच्छ दिसले. वर बाईंनी माइकवरून सांगितलं, 'क्रीडादिनाची ही फिल्म ठकीच्या बाबांनी बनवली आहे, टाळ्या!' आणि मग हे.

बाबा: कुठंय ती?

आई: आतल्या खोलीत. बूटसुद्धा काढले नाहीत. मागून एक कार्टं ओरडलं, 'ए, बिनतोंडाची!' झालं. आणि दारात पोचल्यावर मला विचारते, 'मी शेवटून पहिली आले म्हणून बाबाला माझी लाज वाटली का गं?'

बाबा: लाज? ठकीची?

आई: मग काय सांगू तिला? बोल ना.

बाबा: गुडघ्यातून रक्त येत होतं तिच्या.

आई: खरचटलं होतं.

बाबा: तेच. लहान मूल, पडलेलं, रक्त. आमच्या चॅनेलवर नियम आहे, जखमी मुलाचा चेहरा झाकायचा. युद्धाचं फूटेज सकाळी येतं, दुपारच्या बातम्यांच्या आत झाकून द्यायचं. रोज साठ-सत्तर चेहरे. शाळेची फिल्म मी ऑफिसातच केली, त्याच टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत. हात चालत गेला.

आई: अरे, पण ही आपली ठकी होती! आणि ती क्लिप मी काढलेली. घसा फोडून ओरडतेय मी त्यात, 'ऊठ ठके, पळ!' माझा आवाज तरी ऐकायचास.

बाबा: मी आवाज बंद ठेवतो.

आई: म्हणजे?

बाबा: हे काम लागल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून आवाज बंद करूनच करतो. तिथल्या आया ओरडतात ना पोरांच्या मागे... ते घरी यायचं माझ्याबरोबर. आंघोळीला नळ सोडला तरी पाण्यातून ऐकू यायचं.

आई: हे कधी बोलला नाहीस.

बाबा: तू विचारलं होतंस एकदा.

आई: विचारलं होतं. तू म्हणालास, 'सवय झाली.' आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, सुटलो. तू जेवताना भिंतीकडे बघत बसायचास. ठकी चित्र घेऊन आली की न बघताच 'छान' म्हणायचास. मला काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं. पण परत विचारलं नाही मी. चुकलंच माझं.

बाबा: तुझं कसलं चुकलं? खेळाच्या बातम्यांकडे जागा होती मार्चमध्ये. मीच नको म्हणालो. वाटलं, हे कुणीतरी करायलाच हवं, आणि मला तर काही होत नाही.

आई: काही होत नाही म्हणे! उद्या जाऊन सांग त्यांना, आता बास. डॉक्टरकडेही जायचं, मी येते बरोबर. पण ते उद्याचं उद्या. आत्ता आत जा आणि सांग, कॉम्प्युटर बिघडला होता. आठ वर्षांची आहे, पटेल तिला.

बाबा: तिला खोटं सांगू?

आई: मग खरं काय सांगणार आहेस?

बाबा: खरं हेच, की मी तिला ओळखलंच नाही.

आई: हे नको रे. एवढं नको सांगूस.

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

ठकी: ऐकलं मी.

आई: ठके, ये बाळा, इकडे ये...

ठकी: बाबा, लाज नव्हती वाटली?

बाबा: नाही गं राणी. अजिबात नाही. आई सांगत होती, तू उठून पळालीस तेव्हा अख्खं मैदान टाळ्या वाजवत होतं. मी तिथे असायला हवा होतो.

ठकी: मग तुला कोण वाटले मी?

बाबा: दुसरी एक मुलगी. लांबची. युद्धातली.

ठकी: ती पण पडली होती?

बाबा: हो.

ठकी: मग उठली?

बाबा: माहीत नाही गं. क्लिप तिथेच संपते.

ठकी: मी उठले पण.

बाबा: हो. तू उठलीस.

ठकी: मग गुडघ्याकडे काय बघतोयस मघापासून? तो बरा झालाय, बाबा. वर बघ ना.